झोळीला आठ माणसं लागतात

उमाजी गावडे आमच्या इमारतीच्या गेटवर चार वर्षं होता. बेंगळूरच्या मारतहळ्ळीत अशा इमारती शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येक गेटवर निळ्या शर्टातला एक माणूस असतोच. त्याचं नाव विचारायची वेळ सहसा कुणावर येत नाही. माझ्यावरही आली नसती. पण पुण्याहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता, सिलिंडरवाल्याच्या कन्नडपुढे माझी हिंदी पार थकली होती, आणि मागून आवाज आला, "ताई, तो म्हणायलाय लिफ्ट बंद हाय, खालीच ठेवून जातो."

मराठी ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्याला वर बोलावून चहाच दिला. तो दाराबाहेर उभा राहून प्यायला. तिशीतला, काटक, उन्हापेक्षा पावसाने रापलेला वाटावा असा काळपट चेहरा.

"गाव कुठलं तुमचं?"

"वेळगाळी. खानापूर तालुका."

"म्हणजे बेळगावजवळ."

तो हसला. "जवळच म्हणायचं. खानापूरहून बस फाट्यापर्यंत येते. तिथनं अकरा किलोमीटर जंगल. चालत."

पुढच्या चार वर्षांत त्या गावाबद्दल मी इतकं ऐकलं की न जाताही मला तिथली वाट पाठ झाली. वेळगाळी घाटमाथ्यावर आहे, गोव्याकडून येणारे ढग जिथे पहिल्यांदा अडतात तिथे. उमाजी लहान असताना बत्तीस घरं होती. मी ओळखायला लागले तेव्हा एकोणीस उरली होती. वीज नव्हती. कुणीतरी सौरदिवे दिले होते, त्यांच्या बॅटऱ्या दुसऱ्याच वर्षी मेल्या. चौथीपर्यंतची शाळा होती, पण मास्तर जून ते सप्टेंबर येऊ शकत नसत. भात आणि नाचणी पिकायची, त्यातली निम्मी गवे खायचे. फणस पिकले की अस्वलं दारापर्यंत यायची. मोबाईलला रेंज नव्हती. गावाच्या वर अर्ध्या तासाच्या चढावर एक उघडा टेंब, म्हणजे टेकाडाचा माथा होता, तिथे एका दगडावर उभं राहिलं तर फोन लागायचा.

आणि गाव आणि फाटा यांच्या मध्ये मोठा वहाळ. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. पावसाळ्यात मात्र माणूस वाहून जाईल असा. दरवर्षी गावातले लोक वेळू आणि सुपारीची खोडं बांधून त्यावर साकव टाकायचे आणि दरवर्षी जुलैत वहाळ तो घेऊन जायचा. मग पुन्हा बांधायचा, पाणी जरा उतरलं की.

आजारी माणसाला नेण्यासाठी झोळी असायची. दोन लांब वेळू, त्यांना बांधलेलं कांबळं, वरून प्लास्टिक. चौघे खांद्याला आणि चौघे बदलीला. "आठाच्या खाली जमत न्हाय," उमाजी एकदा हिशेब समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. "पाच जणांनी चढ काढला तर पाचही आजारी पडतील." तो सोळाव्या वर्षी पहिल्यांदा झोळीला लागला. त्यानंतर किती जणांना नेलं ते त्याने मोजलं नव्हतं. त्यातले कोण जिवंत परत आले ते मात्र त्याला नावानिशी ठाऊक होतं.

मग माणसं कमी होत गेली. कुणी गोव्यात हॉटेलात, कुणी पुण्याला, आणि जास्त करून बेंगळूरला. उमाजी स्वतः पंचविसाव्या वर्षी निघाला, कारण गव्यांनी सलग दोन वर्षं भात संपवला होता. त्याच्या गावची सात पोरं आधीच या शहरात होती. दोघं यशवंतपूरच्या गोदामात, एक चिकपेटेत कापडाच्या दुकानात, बाकीची अशीच इथे-तिथे. रविवारी ती सगळी उमाजीच्या खोलीवर जमायची. आमच्या मागच्या गल्लीत सहा गार्ड मिळून एका खोलीत राहत. अशाच एका रविवारी मी तिथून जात होते तर उमाजी दारात उभा राहून म्हणाला, "बघा ताई, आमची झोळी हितं पुरी भरते. गावात चार माणसं गोळा होत न्हाईत." तो हसत म्हणाला होता, म्हणून मीही हसले.

त्याची बायको रंजिता गावातच होती. सोबत सासरे, दोन म्हशी आणि पाच वर्षांची मुलगी सातेरी, लाडाने सातू. एका मे महिन्यात त्या दोघी आठ दिवस बेंगळूरला आल्या. उमाजीच्या खोलीत बाई माणसाला जागा कुठली, म्हणून मी त्यांना आमच्याकडेच ठेवून घेतलं. रंजिता उंच आणि भराभर बोलणारी होती. त्या भागातल्या बायका बोलतात तशी पुरुषासारखी क्रियापदं वापरायची. "मी करतो की पोळ्या, तुम्ही बसा." येताना तिने कोकमं, नाचणीचं पीठ आणि फणसाच्या वाळवलेल्या आठळ्या आणल्या होत्या. गावच्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. मोठ्या बाई चंद्राबाई आणि ही, दोघी मिळून गावातल्या अकरा मुलांना भात शिजवून घालायच्या, आणि खरं तर बाळंतपणापासून जखमेच्या पट्टीपर्यंत सगळंच करायच्या.

मी तिला म्हटलं, "इथेच का नाही राहत? मी खोली बघते. सातूला शाळेत घालू."

"आणि मामांजी?"

"त्यांनाही आणा."

ती गॅलरीत उभी राहून खाली बघत होती. रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. "मी आलो तर चंद्राबाई एकटी पडती," ती म्हणाली. "मग तीबी जाईल कुठंतरी. मग अंगणवाडी बंद. अंगणवाडी बंद झाली की उरलेल्या चार पोरवाल्या जातील. एक खांब काढला की आढं खाली येतंय, ताई. रस्ता करा म्हणावं सरकारला. आम्ही कशाला हलायचं?"

तेव्हा गावाला पुनर्वसनाची नोटीस आली होती. जंगल राखीव झालं होतं आणि वनखात्याला गाव खाली हलवायचं होतं, महामार्गाच्या कडेला प्लॉट देऊन. गावात दोन तट होते. रंजिता आणि उमाजी हलू नये म्हणणाऱ्यांत होते. तिच्या सांगण्यावरून मी वहाळावर लोखंडी साकव मिळावा म्हणून अर्ज लिहिला. शेजारच्या भीमाचार्यांनी त्याचं कन्नड करून दिलं, चांगलं सोपं, ठसठशीत. पाच महिन्यांनी उत्तर आलं: जागा राखीव वनात असल्याने कायम स्वरूपाचं बांधकाम नियमात बसत नाही. उमाजीने ते पत्र घडी करून खिशात ठेवलं. रंजिताला त्याने फोनवर सांगितलं की अजून उत्तर आलेलं नाही.

ते घडलं पुढच्या वर्षीच्या जुलैत, सोमवारी.

सकाळी साडेनऊच्या सुमाराला मी गाडी घेऊन परत आले तर गेटचा दांडा खालीच होता. उमाजी केबिनमध्ये पाठमोरा, कानाला फोन. मी हॉर्न दिला. तो हलला नाही. मागे पाण्याचा टँकर येऊन थांबला, त्यानेही हॉर्न लावला. मी जरा चिडूनच तिसऱ्यांदा हॉर्न दाबून धरला. मग तो वळला आणि त्याचा चेहरा बघून माझा हात आपोआप उचलला गेला.

मी गाडी आत कशीबशी लावून केबिनमध्ये गेले. "रंजिता आजारी हाय," तो म्हणाला. शनिवारपासून पोटात दुखत होतं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. चंद्राबाईंनी ओवा दिला, हिंग लावला, काढा दिला. रविवारी उलट्या सुरू झाल्या. सोमवारी पहाटेपासून अंगात सणसणून ताप, आणि पाय सरळ केला की ओरडत होती. चंद्राबाई टेंबावर चढून फोन करत होत्या.

"मग नेतायत ना तिला?"

"माणसं न्हाईत, ताई."

वेळगाळीत त्या दिवशी खांदा देण्याजोगे पाच पुरुष होते. त्यातला एक उमाजीचा बाप, आप्पाजी, अडुसष्ट वर्षांचा. एकाला दम्याचा त्रास. उमाजी सकाळपासून फोन करत होता, खालच्या वाडीत कुणी आहे का, फाट्यावरच्या दुकानदाराकडे कुणी आहे का, खानापुरात शिकणारा मावसभाऊ वर जाईल का. प्रत्येक फोनच्या मध्ये तो दांडा वर करत होता, खाली करत होता. जेवण पोचवणाऱ्या मुलांना "स्वल्प निल्ली" म्हणून थांबवत होता, त्यांचे नंबर नोंदवत होता. मी म्हटलं, "सोडा ते, मी बघते." त्याने दांड्याचं बटण माझ्या हातात दिलं आणि मी त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या इमारतीचं गेट राखलं. आल्यागेल्या लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

साडेदहाला चंद्राबाईंचा फोन आला. उमाजीने तो स्पीकरवर घेतला. वाऱ्याचा नुसता घोंघाट, त्यातून तुटक आवाज. "उमाजी, निघाले बघ. पाच गडी आन् तीन बाया. बायांनीबी खांदा लावलाय. आठ झाली." मग जरा थांबून, "आन् बरं का, तिचं पोट दुखायचं थांबलंय. मघाशी एकदम थांबलं. आता गप पडलीय."

उमाजीने डोळे मिटले. "थांबलं," तो मला म्हणाला. "देवी पावली."

अ‍ॅम्ब्युलन्स मी फोन करून फाट्यावर मागवली होती. पण मला चैन पडेना. माझी मैत्रीण शाल्मली इथेच व्हाइटफील्डला सर्जन आहे. मी लिफ्टपाशी जाऊन तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. उजवीकडे खाली दुखणं म्हटल्यावर ती म्हणाली, "अपेंडिक्स. आज उघडायलाच हवं. किती वेळात पोचेल?"

"सहा-सात तास. पण आता दुखायचं थांबलंय म्हणे."

तिने मला तिथेच अडवलं.

"एकदम थांबलं?"

"हो."

"मग ते फुटलंय, स्मिता. फुटलं की थोडा वेळ बरं वाटतं. नंतर सगळीकडे पसरतं." तिने मला पाणी देऊ नका, असं ठेवा, तसं ठेवा, अँटिबायोटिक असेल तर लगेच द्या असं बरंच सांगितलं. ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले. झोळी तर जंगलात होती. त्यांच्यापर्यंत कुठलाच फोन पोचणार नव्हता.

मी केबिनमध्ये परत आले. उमाजीने विचारलं, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"लवकर पोचवा म्हणाली," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. आमच्या गेटवर उभं राहिलं की समोर एका मोठ्या हॉस्पिटलचा लाल फलक दिसतो. डावीकडे दुसरं आहे, पुढच्या चौकात तिसरं. मी तो सगळा वेळ त्या फलकाकडे पाठ करून बसले होते. उमाजी कुठे बघत होता मला माहीत नाही.

पाचपर्यंत फाट्यावरून फोन यायला हवा होता. तीन वाजता अ‍ॅम्ब्युलन्सच्या चालकाचा आला. दोन तास थांबलोय, कुणी आलेलं नाही, दुसरी केस आलीय, जाऊ का? उमाजीने त्याच्या हातापाया पडून अर्धा तास वाढवून घेतला. मग तो गेला. मी दुसरी मागवली. ती निघाली असं कळलं. साडेपाचला चंद्राबाईंचा फोन आला, आणि फोन टेंबावरून आलाय हे कळताच उमाजी उभा राहिला. फाट्यावरून यायचा फोन टेंबावरून आला होता.

"परत आले," चंद्राबाई म्हणाल्या. वाऱ्याचा आवाज येत राहिला.

वहाळ भरून वाहत होता. साकव आदल्याच दिवशी गेला होता, गावात ते कुणाला माहीत नव्हतं. दोन्ही वेळू काठावर टेकून ते आठ जण पाणी उतरायची वाट बघत तीन तास बसले. आप्पाजींनी दोनदा दोर बांधून उतरायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा बाकीच्यांनी त्यांना ओढून काढलं. रंजिता शुद्धीवर होती. तिने सातूबद्दल विचारलं, म्हशी सोडल्या का विचारलं. मग थंडी वाजतेय म्हणाली. मग गेली. तिला घेऊन ते त्याच वाटेने मागे फिरले.

उमाजीने फोन ठेवला, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि नोंदवहीत टँकरची वेळ लिहिली, जी राहून गेली होती. मग म्हणाला, "ताई, मी निघतो. नागराजला सांगा." नागराज त्याचा सुपरवायझर.

तो मंगळवारी दुपारी वहाळापर्यंत पोचला, आणि तिथून पुढे त्याला जाता आलं नाही. दोन दिवस तो अलीकडच्या काठावर होता. तिकडे गावाने रंजिताला अग्नी दिला, वर पत्रे धरून, कारण लाकडं ओली होती आणि ठेवणं शक्य नव्हतं. "धूर दिसतो का बघत होतो," तो मला नंतर म्हणाला, "पण ढग इतके खाली उतरलेले, धूर कुठला नि ढग कुठला, कळत न्हाय." बुधवारी आप्पाजी पलीकडच्या काठावर आले. बापलेक समोरासमोर उभे, मध्ये पन्नास पावलांचं पाणी. दोघंही ओरडत होते आणि पाण्याच्या आवाजात काहीच ऐकू जात नव्हतं. आप्पाजींनी दोन्ही हात वर करून हलवले. "ये म्हणायला होता का जा म्हणायला होता, मला कळलं न्हाय. मी अजून त्याला विचारलेलं न्हाय."

पंधरा दिवसांनी तो कामावर हजर झाला. मीच खाली गेले. मला ते आत ठेवणं जमत नव्हतं. मी त्याला शाल्मली खरं काय म्हणाली होती ते सांगितलं.

त्याने वाकून गेटच्या रुळात अडकलेला खडा काढून टाकला. "म्हंजे झोळी उचलली तवाच..."

"तेव्हाही वाचली असती कदाचित. लगेच पोचली असती तर. पण आत पसरलेलं होतं सगळं."

"आठ माणसं असती, जवान, तर शनिवारीच उचललं असतं, वहाळ भरायच्या आत पोचलो असतो," तो म्हणाला. मला विचारत नव्हता. मग एकदम म्हणाला, "बाबाला सांगतो हे. तो म्हणायलाय, मी म्हातारा मध्ये होतो म्हणून सगळे हळू चालले. जेवत न्हाय नीट. त्याला सांगतो."

त्याने सांगितलं. आप्पाजी म्हणाले, डॉक्टरला तिथे बसून काय कळतंय. त्यांचं जेवण तसंच राहिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात उमाजीने एक गोष्ट मनावर घेतली. रविवारी जमणाऱ्या त्या सातही जणांपुढे त्याने मांडलं की पावसाळ्याचे चार महिने प्रत्येकाने पाळीपाळीने दोनदा पंधरा-पंधरा दिवस गावात राहायचं, म्हणजे गावात कायम दोन जवान माणसं जास्त असतील. त्याला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, रंजिताला जाऊन वर्ष झालं नव्हतं. मी तक्ता छापून दिला. खोलीच्या दारामागे त्यांनी तो चिकटवला.

जूनची पाळी यशवंतपूरच्या दोघांनी नीट पार पाडली, पण परत आल्यावर गोदामात त्यांच्या जागी दुसरे दोघं होते. जुलैच्या पहिल्या पाळीतला एक जण गेला, एक गेला नाही, बायको बाळंत होती त्याची. चिकपेटेतल्या दुकानाच्या मालकाने साफ सांगितलं, आषाढात सुट्टी घे हवी तेवढी, इकडे लग्नं श्रावणात असतात, ती खरेदी सुरू झाली की एक दिवस मिळणार नाही. अशी गळती लागल्यावर उमाजीने स्वतःच्या पंधरा दिवसांना दुसऱ्याचेही जोडून घेतले. नागराजकडे महिन्याची रजा मागायला तो गेला तेव्हा मीही सोबत गेले.

नागराज वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं. मग "आगल्ल, अक्का," मला म्हणाला, जमणार नाही. एजन्सी एक आठवडा धरेल, जास्तीत जास्त दहा दिवस. त्याचाही वर कुणी होता.

उमाजी "सरी", म्हणजे बरं, एवढं म्हणाला आणि शर्ट काढून, धुऊन, इस्त्री करून परत देऊन गेला.

तो जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत वेळगाळीत राहिला. साकव तीनदा बांधला. रोज सकाळी वहाळाला किती पाणी आहे ते बघून यायचा आणि गावात सांगायचा. झोळीचे वेळू नवे तोडून आणले, कांबळं नवीन घेतलं. आणि त्या पावसाळ्यात गावात कुणीच आजारी पडलं नाही. सर्दी-पडशापलीकडे काही नाही. हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज अगदी सपाट होता. बरंच झालं, असं म्हणायचं मी टाळलं.

दिवाळीनंतर चंद्राबाई मुलीकडे गोव्यात सांखळीला गेल्या. अंगणवाडी बंद झाली. थंडीत वनखात्याचे लोक पुन्हा कागद घेऊन आले आणि राहिलेल्या चौदा घरांपैकी तेरांनी सह्या केल्या. उमाजीनेही केली. आप्पाजींनी केली नाही, पण घर उमाजीच्या नावावर होतं.

नियम असा होता की घर रिकामं करून पाडून दाखवायचं, म्हणजे कुणी परत येऊन राहू नये. अधिकारी उभे राहिले, फोटो काढले. उमाजीने स्वतःच्या घराची कौलं स्वतः उतरवली. भिंती मातीच्या, पावसाने त्या आपोआप बसल्या असत्या, पण फोटोत पडलेल्या दिसायला हव्या होत्या, म्हणून पहारीने पाडल्या. आप्पाजी आंब्याखाली दगडावर बसून बघत होते. शेवटी उठून त्यांनी चुलीतली राख एका फडक्यात भरून घेतली आणि कुणाशी न बोलता वाटेला लागले. ती राख का घेतली ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, आणि महामार्गाच्या कडेच्या नव्या प्लॉटवर पोचेपर्यंत ती कुठे सांडली हेही कुणाला माहीत नाही.

गेल्या वर्षी मला यशवंतपूरला काही कामासाठी जावं लागलं. बाजाराच्या मागच्या बाजूला गोदामांच्या रांगेत एका ट्रकमधून कांद्याची पोती उतरत होती, आणि त्यातल्या एका हमालाने मला हाक मारली, "ताई!" मी ओळखलं नाही. केस पांढरे झाले होते, आणि एक डोळा लाल, पाणावलेला. उमाजी छत्तीस वर्षांचा असेल.

जवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. आप्पाजी प्लॉटवर पत्र्याच्या खोलीत एकटेच होते. दोनदा चालत जंगलाकडे गेले, चौकीवरच्या गार्डांनी परत आणून सोडलं. आता गुडघे गेले, त्यामुळे जात नाहीत. प्लॉटवर एक झाड लावायला मन होत नाही त्यांचं. सातू खानापुरात मुलींच्या वसतिगृहात होती, आठ वर्षांची. उमाजी महिन्याला एकदा तिला भेटायचा.

"कशी आहे ती?"

"कन्नड चांगलं बोलते. माझ्याशीबी कन्नडच बोलते." तो कपातल्या चहाकडे बघत होता. "मागच्या खेपेला तिला विचारलं, आई आठवते का. तर म्हणाली, फोटो बघितला तर आठवते. फोटोबी एकच हाय, तुमच्याकडं काढलेला. गॅलरीतला."

"तिला इकडे आणा ना. माझ्याकडे राहू दे."

मी रंजितालाही असंच म्हटलं होतं हे त्याला आठवलं असेल, किंवा नसेलही. मला आठवलं.

"रस्ता झाला, कळलं का तुम्हाला?" तो म्हणाला. "पर्यटकांसाठी. वनखात्याच्या जीपगाड्या जातात. वहाळावर फरशी टाकली मोठी. उन्हाळ्यात लोक येतात फोटो काढायला, धबधबा हाय वरती." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी राग शोधत होते, पण तो नव्हता. ट्रकवरून मुकादमाने हाक मारली तेव्हा तो उठला, चहा अर्धा तसाच ठेवून.

मी त्याचा नवा नंबर घेतला. दोन महिन्यांनी सातूच्या वाढदिवसाला फोन केला तर तो बंद होता. मग पुन्हा एकदा मुद्दाम यशवंतपूरला जाऊन त्या गोदामात विचारलं. मुकादम म्हणाला, तो गेला, गोव्याला गेला वाटतं, किंवा कारवारकडे. वेळगाळीचं आणखी कुणी इथे कामाला आहे का, असं मी विचारलं. त्याला ते नाव माहीत नव्हतं.